मुळं धुवून घ्या

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला बाकीच्यांना पठारं मिळाली,
चाळकेवाडी, पवनचक्क्यांखालची फुलं.
मला डांबरगोळ्या.
हर्बेरियमची कपाटं उघडायची, शीटवर नंबर टाकायचा,
लेबल रजिस्टरात उतरवायचं.
जोतीराममामा किल्ली देताना म्हणाले,
नाक बांध. अन् बोट जिभेला लावून काही उलटू नको,
जुन्या शीटांना रसकापूर पाजलाय.
किड्याला लागतो तसा माणसालाही लागतो.

पहिले आठ दिवस नुसती शिंकले.
खिडकीत अजिंक्यतारा, त्याच्यावरचा टॉवर,
आत पोंक्षे नावाच्या कुणा सरांचं अक्षर,
मुंग्यांची रांग, पण ओळीत.
त्यांच्या प्रत्येक झाडाची मुळं नितळ,
नदीवर नेऊन घासल्यासारखी.
मागच्या वर्षी खैरमोडे मॅडमनी माझी शीट परत सरकवली होती:
मुळं धुवून घ्या.
वर्गीकरणात मातीला रकाना नाही.

शीट चारशे सतरा. माका.
आता माका कोण बघतं?
गटाराला उगवतो, पाटाला उगवतो.
संशोधकाला हवं ते जगात दुसरीकडं कुठं नसणारं.
म्हणून हा गठ्ठा कुणी सोडलाच नव्हता,
सुतळीची गाठ खड्यासारखी.
झाड वाळून काळंठिक्कर. ते पडतंच तसं,
रसच काळा त्याचा;
आई खोबरेलात उकळायची तेव्हा दोन दिवस
घरातल्या चहालाही तोच वास.

लेबल.
एक्लिप्टा अल्बा.
त्यावर नंतर कुणीतरी पट्टी चिकटवलेली: प्रोस्ट्रेटा.
नाव बदललं. झाडाला काय पत्ता.
ठिकाण: मौजे कारवट, कोयना खोरे,
भातखाचराचा बांध, ओढ्याच्या डाव्या अंगाला.
तारीख: ११ ऑक्टोबर १९५९.
शेरा: विपुल.

मी 'मौजे' एवढंच उतरवलं आणि पेन थांबलं.
कारवट आमच्याकडं लग्नपत्रिकेत येतं,
'मूळ गाव'च्या पुढं,
आणि त्याखाली 'सध्या', खानापूर तालुका, प्लॉट नंबर बावीस.
माझ्या लेखी ते नकाशावरचं निळं होतं, सपाट,
बोटिंगच्या पाटीवरचं.
त्यात ओढा असेल,
ओढ्याला डावं अंग असेल,
असं कधी मनातच आलं नव्हतं.

आणि मुळं धुतलेली नव्हती.

पोंक्षे सर, तुम्ही, इतके टापटिपीचे.
अंधार पडला होता का? परतीची एसटी सुटत होती?
की तो बांध पुन्हा दिसायचा नाही
हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?
लेबलात नाही.
तंतुमुळांच्या जाळीत तांबडी माती,
तिच्यात भाताचं एक फोलपट,
एका मुंगीचं अर्धं अंग.
भिंग लावलं.
मग भिंग बाजूला ठेवलं.

रात्री हॉस्टेलच्या जिन्यावरून तात्यांना फोन लावला.
आजोबा शेंगा फोडत होते, ऐकू येत होतं.
पाणी चढलं तेव्हा ते अकरा वर्षांचे;
बैल गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर काढला
हे शंभरदा सांगून झालंय.
या वेळी काहीच सांगितलं नाही.
रंग विचारला.
सांगितला.
केवढी हाय?
बोटाच्या पेरावर मावेल. पण विष मारलेलं आहे, तात्या,
हात लावता येत नाही.
शेंगा फुटायच्या थांबल्या.
कोरडी हाय न्हवं?
हो.
मग ऱ्हाऊ दे.
पाणी लागू दिऊ नका तिला.

सकाळी नोंद पुरी केली.
शेऱ्यात 'विपुल' लिहिलं, पुढं स्वल्पविराम,
आणि: मुळांना माती.
मॅडमनी लाल पेन उचललं,
थोडा वेळ धरलं, ठेवलं.

शीट चारशे अठरा. पुन्हा माका.
सातारा, मुलांच्या वसतिगृहामागचं गटार, १९८४.
मुळं स्वच्छ.